गुळाचे प्रवासी आणि एकोणीस नंबरचा खांब

आमच्या बागेतल्या मोनोरेलची एक नोंदवही होती. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची, पाच रकान्यांची. तारीख, वेळ, काय झाले, काय केले आणि कारण. पहिले चार रकाने मी बावीस वर्षे बिनचूक भरले. पाचव्यात पानामागून पान एकच मजकूर सापडेल, ‘समजले नाही’. गाडी आपोआप थांबली, बंद करून चालू केली, आपोआप सुरू झाली, कारण समजले नाही. एखाद्या डॉक्टरने असे केसपेपर लिहिले असते, तर लोकांनी त्याच्या दवाखान्याला टाळे ठोकले असते. मी त्याच वहीच्या जोरावर फोरमन म्हणून शाल, नारळ आणि फोटो घेऊन निवृत्त झालो.

त्या वहीत एका पानावर मात्र मी छातीठोकपणे कारण लिहिले आहे. एकच शब्द, ‘चालक’. त्या शब्दाने सर्जेराव नावाच्या माणसाची गाडीवरची जागा गेली. मी लिहिले ते खरे होते की खोटे, याचा मला अजून नीट उलगडा झालेला नाही. दोनदा झाला असे वाटले आणि दोन्ही वेळा मी तोंडावर पडलो. दिवाळी अंकाच्या संपादकांनी बागेतल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती भरपूर आहेत, पण सगळ्या फिरून फिरून याच शब्दापाशी येतात, त्याला माझा इलाज नाही.

बाग कोल्हापुरातून गगनबावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मालकांना आम्ही सगळे आण्णा म्हणतो. घराणे जैन, शेती आणि गुळाची पेढी आजोबांपासूनची. आण्णांनी स्वतःच्या उसाच्या रानात तळे खणले, पाळणे उभे केले आणि मग कुठल्याशा लांबच्या राज्यात बंद पडलेल्या बागेतली मोनोरेल सुटी करून सहा ट्रकांतून आणली. म्हणजे गाडी आमच्याकडे आली तीच म्हातारी होऊन. तिच्यासोबत आलेले माहितीपुस्तक आमच्यापैकी कोणालाही वाचता न येणाऱ्या भाषेत होते. मी मूळचा साखर कारखान्यातला फिटर. चित्रे बघून, कपाळावर हात मारून घेत चार महिन्यांत मी गाडी जोडली. शेवटी सतरा बोल्ट उरले. ते एका पत्र्याच्या डब्यात भरून कपाटात ठेवले. पुढे काहीही बिघडले की मला आधी तो डबा आठवायचा.

मोनोरेल म्हणजे एकाच रुळावरची गाडी. आमच्याकडे दोन पुरुष उंचीचे खांब होते, त्यांवर लोखंडी तुळई होती आणि त्या तुळईवर गाडी मांड ठोकून बसलेली असायची. तुळईच्या अंगाला तांब्याची पट्टी, तिच्यातून वीज यायची. पुढे चालकाची केबिन आणि मागे सहा डबे. प्रत्येकाला दोन दारे, म्हणजे एकूण चौदा. प्रत्येक दाराला सीटखाली एक बटण होते, दार नीट लागले की ते दाबले जाई. या चौदा बटणांतून एकच तार फिरवलेली. एकही दार बोटभर उघडले तरी तारेतला प्रवाह तुटे आणि गाडीचे सगळे ब्रेक एकदम लागत. माणूस वरून पडू नये म्हणून केलेली ही सोय. पोरे हात धरून गोल करतात आणि एकाने हात सोडला की खेळ थांबतो, तसेच हे. अडचण एवढीच की हात कोणी सोडला ते आपण बघायला जाईपर्यंत त्याने तो पुन्हा धरलेला असतो.

गाडी थांबली की काय करायचे, याचा नियम मीच घालून दिला होता. आधी माणसे उतरवायची, मग गाडीला हात लावायचा. शिडी न्यायची, एकेकाला खाली घ्यायचे, सगळे डबे रिकामे झाले की मग मिस्त्रीने वर चढायचे. बावीस वर्षांत आमच्याकडे एकाही माणसाला खरचटले नाही, ते या नियमामुळे. मला त्याचा फार अभिमान होता. त्याच नियमाने माझे डोळे झाकले, हे कळायला खूप वेळ लागला.

आता सर्जेराव. मलकापूरच्या अलीकडच्या एका खेड्यातला. आमच्याकडे यायच्या आधी उसाचे ट्रक चालवायचा. उंच, बारीक आणि कमी बोलणारा. शर्टाच्या खिशात तंबाखूची चंची आणि चुन्याची डबी, पण केबिनमध्ये बसला की ती बाहेर काढायचा नाही. गाडी अशी अलगद सोडायचा आणि लावायचा, की बाया हातातला चहा न सांडता उतरायच्या. एके दिवशी तो माझ्याकडे कँटीनमध्ये आला.

“फोरमन, एकोणीसला गाडी बसतीया.”

एकोणीस म्हणजे तळ्यावरच्या वळणातला खांब. मी म्हटले, “बसतीया म्हंजे काय?”

“रिकामी असली की काय न्हाय. भरली असली की जरा खाली बसती. बुडाला कळतंय.”

दुसऱ्या दिवशी बाग उघडायच्या आधी मी पाना घेऊन एकोणीसवर चढलो. एक-एक बोल्ट ओढून बघितला, घट्ट. सर्जेरावाला रिकामी गाडी दोनदा न्यायला-आणायला लावली, काही नाही. वहीत लिहिले, ‘चालकाची शंका. तपासले. काही नाही.’ इतक्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण माझी जीभ वळवळली. कँटीनमध्ये सगळ्यांसमोर मी म्हणालो, “सर्जेराव, ट्रक न्हवं ही. बुडाला कळायला बूड म्हंजे काय मीटर हाय व्हय?” सगळे खो-खो हसले. सर्जेरावही हसला आणि चहा पिऊन निघून गेला.

त्यानंतर पंधरा दिवसांत भरलेली गाडी बरोबर एकोणीसवर थांबली. आत गारगोटीकडच्या एका दूध संस्थेच्या बाया होत्या. मी खालून ओरडलो, “घाबरू नगासा, शिडी यायलीया!” वरून एका म्हातारीने डोके बाहेर काढले. “पावणं, शिडी ऱ्हाऊ द्या की जरा! एवढ्या वरनं तळं परत कवा दिसायचं? भाकरी तरी खाऊन घेतो.” आणि खरेच त्यांनी फडकी सोडली. खर्डा-भाकरी, झुणका, कांदा. केबिनच्या खिडकीतून सर्जेरावालाही एक भाकरी पोचली. मी खाली शिडीपाशी तासभर हात जोडत होतो. शेवटी पाणी संपले म्हणून त्या उतरल्या. मग मी वर चढलो, चौदाही बटणे मीटर लावून बघितली, सगळी धडधाकट. कारण, समजले नाही.

दुसऱ्यांदा थांबली तेव्हा शहरातले एक वकील आत होते. उतरल्यावर म्हणाले, “कारण लेखी द्या.” मी बागेच्या छापील कागदावर ‘कारण समजले नाही’ असे लिहून सही-शिक्क्यानिशी दिले. ते दोनदा वाचून म्हणाले, “हे काय लिव्हलंय?” मी म्हणालो, “खरं हाय ते लिव्हलंय, साहेब.” त्यांनी कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली आणि त्यानंतर काही केल्याचे ऐकिवात नाही. कदाचित इतका प्रामाणिक कागद त्यांना धंद्यात पहिल्यांदाच मिळाला असेल.

तिसऱ्यांदा मात्र गाडीत आण्णांची थोरली बहीण होती. सीमेपलीकडच्या गावाहून माहेरी आलेली, घरात सगळे तिला अक्का म्हणतात. गुडघे दुखरे, शिडी उतरणे शक्य नव्हते. खुर्चीला दोर बांधून आम्ही तिला खाली घेतले. अक्का शांतपणे जपमाळ ओढत खाली आली, पण आण्णांचा चेहरा बघवत नव्हता. या तिन्ही वेळा खांब एकोणीसच होता आणि चालक सर्जेराव. मी प्रत्येक वेळी त्याला विचारले, “कशाला हात लागला का?” त्याचे उत्तर ठरलेले, “गाडी थांबली, फोरमन. तुम्ही बगा.”

संध्याकाळी आण्णांनी मला पेढीवर बोलावले. “फोरमन, माझी अक्का वर लटकली हुती. आता ‘समजलं न्हाय’ चालायचं न्हाय. मला कारण पायजे.”

मी म्हणालो, “आण्णा, रिकामी असली की पळती, भरली की थांबती. रिकाम्या गाडीत काय सापडणार?”

“मग भरून बगा की.”

“मानसं भरून आन् परत थांबली तर?”

“मानसं कोण म्हणतंय? गूळ भरा.”

इतर ठिकाणी अशा चाचणीला वाळूची पोती नाहीतर पाण्याचे कॅन वापरतात, हे मला ठाऊक होते. पण आमच्याकडे मालकाच्या गोदामात थप्पीला गूळ होता. गुळाच्या मोठ्या ढेपेला आमच्याकडे रवा म्हणतात. एक रवा तीस किलोचा, म्हणजे दोन रव्यांचा एक माणूस. हिशेब सरळ होता आणि मलाही त्यात काही वावगे दिसले नाही. कोल्हापुरी माणसाला गुळात वावगे दिसत नाही. चोवीस सीटांवर अठ्ठेचाळीस रवे बसवले, एक बसलेला आणि एक त्याच्या मांडीवर. पुढच्या डब्यातल्या एका रव्याला कँटीनच्या मावशींनी टोपी घातली.

मी सर्जेरावाला बाजूला केले आणि स्वतः केबिनमध्ये बसलो. ऐन वैशाखाचे ऊन. तीन दिवस सकाळपासून दुपारपर्यंत मी गुळाला बाग दाखवली. प्रत्येक फेरीत एकोणीस आला की माझे डोळे समोरच्या दिव्यांवर खिळायचे. गाडी एकदाही थांबली नाही. बुडाला काही कळले का म्हणाल, तर मी बुडाकडे लक्षच दिले नव्हते. तिसऱ्या दिवशी उन्हाने गुळाला पाझर फुटला आणि कापडातून रस सीटांवर ओघळला. आम्ही ओल्या फडक्याने सीटा लख्ख पुसून घेतल्या.

मग मी विचार केला. वजन तेच, रस्ता तोच, गाडी तीच. बदलला तो फक्त चालक. इतकी स्वच्छ खूण बावीस वर्षांत मला एकदाही मिळाली नव्हती. तिसऱ्या बिघाडाच्या ओळीत पाचवा रकाना कोरा होता, त्यात मी ‘चालक’ लिहिले. खरे सांगायचे तर लिहिताना मला बरे वाटले. पहिल्यांदा काहीतरी समजले होते.

आण्णांनी दोघांना समोर उभे केले. “सर्जेराव, फोरमननी लिव्हलंय म्हंजे विचार करून लिव्हलं असणार. तुला काय सांगायचं हाय?”

सर्जेरावाने वहीकडे पाहिले, मग माझ्याकडे. “काय न्हाय, आण्णा.”

त्याला गाड्या लावायच्या जागेवर शिट्टी वाजवायचे काम दिले. चार दिवस त्याने ते केले आणि पाचव्या दिवशी शिट्टी टेबलावर ठेवून गावी गेला. भांडला नाही, शिवी दिली नाही. गप्प राहिला म्हणजे दोषी, असे मी धरून चाललो. माणूस कधी कधी काय धरून चालतो, त्याला काही मर्यादा नसते.

पावसाळा लागला आणि गाडी पुन्हा थांबू लागली. आता मात्र एकोणीसवर नाही. कधी सातवर, कधी तेवीसवर, कधी स्टेशनातून सुटता सुटता. भरलेली थांबे, रिकामी थांबे, उभी असताना ब्रेक लागून जागची हलायची नाही. नवा चालक रडकुंडीला आला. मी पाचव्या रकान्यात ‘दमट हवा?’ असे प्रश्नचिन्हासकट लिहिले, मग ‘वीजदाब?’, मग पुन्हा जुने ‘समजले नाही’. चालक बदलला तर आजार वाढला, हे कुठल्या हिशेबात बसवायचे? जेवताना घास हातात धरून मी विचार करत बसायचो. बायको म्हणायची, “अवो, ती गाडी खाली ठेवा आन् जेवा.”

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची आणि यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी पान्याला हात लावायचा नसतो. सगळी हत्यारे धुऊन पोत्यावर ओळीने मांडायची, हळद-कुंकू वाहायचे, गाडीला झेंडूची माळ घालायची. पण पूजेच्या आधी, सकाळी, सगळी झाकणे उघडून आतली धूळ पुसायची असा रिवाज आहे. चौथ्या डब्याची सीट काढली आणि खालच्या बटणाची पेटी उघडली. आत कारळ्याच्या चटणीसारखा काळा थर होता. बोट लावले तर मेलेल्या मुंग्या. त्यांच्या खाली वाळून कडक झालेला गुळाचा ओघळ. दुसरी पेटी उघडली, तेच. चौदापैकी नऊ पेट्या मुंग्यांनी भरल्या होत्या. जिवंत मुंग्या बटणात शिरत होत्या, तारेतला प्रवाह तुटत होता, मुंगी सरकली की पुन्हा जोडला जात होता.

मी तिथेच खाली बसलो. सीटा वरून पुसल्या होत्या, खाली कोणी बघितलेच नव्हते. मी गाडीला गूळ खाऊ घातला होता आणि मुंग्यांना आमंत्रण दिले होते. लाज वाटली, चांगलीच वाटली. मग वाटले, की गुळाच्या आधीही डब्यांत चिक्की, शेंगदाणे, लाडू सांडत होतेच. म्हणजे आधीचे तिन्ही बिघाडही मुंग्यांचेच असणार. म्हणजे सर्जेरावाने काहीच केलेले नव्हते. आण्णांना सांगितले तेव्हा त्यांनी आधी एक पेटी स्वतः उघडून बघितली. मग म्हणाले, “गूळ मी सांगितला. पर ‘चालक’ तुम्ही लिव्हलासा.”

दुसऱ्या दिवशी दसरा. दसऱ्याला आपट्याची पाने सोने म्हणून देतात आणि ती घेऊन आलेल्या माणसाला कोणी दारातून परत लावत नाही. त्या भरवशावर मी मुठीत आपटा घेऊन एसटीने मलकापूरकडे निघालो. पेट्या आदल्या दिवशीच साफ झाल्या होत्या, गाडी झकास चालू होती, सणाची गर्दी होती.

सर्जेरावाच्या दारात दुधाचा टेम्पो उभा होता, त्याला कालची माळ. आता तो गावोगावचे दूध संकलनाला पोचवायचा. मला बघून तो उठला, सोने घेतले, पाया पडला. त्याच्या बायकोने तांब्या आणि वाटीत गुळाचा खडा आणून ठेवला. त्या खड्याकडे मला बघवेना.

“सर्जेराव, चुकलं माझं,” मी म्हणालो. “गाडी तू थांबवली न्हवतीस. मुंग्या हुत्या. आन् मुंग्या बी मीच आणल्या.” मग सगळे सांगितले.

त्याने ऐकून घेतले. आपट्याचे पान खिशात ठेवले. “मुंग्यांचं मला ठावं न्हाय, फोरमन. पर पयल्या तीन टायमाला गाडी मीच थांबवलीती.”

मला वाटले मी चुकीचे ऐकले. “तू? कशी?”

“गुडघ्यानं. केबिनचं डावं दार गुडघ्यानं जरा रेटलं की झालं. सोडलं की परत लागतंय.”

“आन् कशापायी?”

“तुम्हास्नी सांगितलंतं की. एकोणीसला बसती म्हणून. तुम्ही रिकामी गाडी बगितलासा. म्हटलं, भरली गाडी तितंच हुभी करू. तुम्ही खालनं येशीला, वर बगशीला, दिसंल. तर तुम्ही दर टायमाला आधी समद्यास्नी उतरवायचासा आन् मग बगायचासा. गाडी हलकी झाली की ती परत वर यायची.”

“मग आण्णांच्या म्होरं बोलला का न्हाईस?”

“काय बोलू? मीच थांबवली म्हणू? आन् का, तर बुडाला कळतंय म्हणून?” तो हसला. “बूड मीटर न्हाय, हे तुम्हीच सांगितलंतं.”

मी तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला. मी त्याच्यावर ठेवलेला आळ खरा होता. आणि तरी चूक माझीच होती. हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे असू शकते, याचा विचार मी आजतागायत करतो आहे. मी गोंधळून बसलो असताना त्याने विचारले, “गाडी आत्ता चालू हाय?”

“व्हय.”

“भरून?”

“दसरा हाय की.”

त्याने वाटी बाजूला सारली. “मग हितं काय करायलाय? फोन लावा!”

पाच महिने भरलेली गाडी रोज एकोणीसवरून जात होती आणि गाडी तिथे बसते हे सांगणाऱ्या एकुलत्या एक माणसाला मी शिट्टी देऊन बाहेर घालवले होते. आण्णांना फोन लावला. ते म्हणाले, “काल मुंग्या, आज खांब. उद्या काय?” मग लगेच, “थांबवतो. या तुम्ही.” मागे माणसांचा गलका ऐकू येत होता, तो हळूहळू कमी झाला.

दुसऱ्या दिवशी बाग बंद ठेवून आम्ही पुन्हा गूळ भरला. या वेळी प्रत्येक रव्याला प्लास्टिकची पिशवी घालून तोंड घट्ट बांधले होते. मी केबिनकडे निघालो, तर सर्जेरावाने दंड धरला. “तुम्ही खाली. तुम्ही बगायचं हाय.” मी नको म्हणत होतो, भीती वाटत होती. तो म्हणाला, “हळू नेतो. मला ठावं हाय, कुठं हुभी करायची.”

एकोणीसवर शिडी लावली होती. जिथे तुळई खांबाच्या माथ्यावर टेकते, त्या सांध्यावर सर्जेरावाने आधीच चढून डबीतला चुना बोटाने फासला होता, तुळईपासून खांबापर्यंत एक उभा पट्टा. चुना वाळून पांढरा झाला होता. मग तो केबिनमध्ये गेला आणि मी काठावरच्या चिखलात जाऊन वर मान करून उभा राहिलो.

गाडी वळणावर आली. केबिन गेली, पहिला डबा गेला, दुसरा आला आणि गाडी थांबली. त्याच्या डाव्या गुडघ्याने थांबवली. आणि माझ्या डोळ्यांदेखत चुन्याचा पट्टा मधोमध तडकला. भाराने तुळई एका अंगाला खाली बसली आणि दुसऱ्या अंगाला चांगली बोटभर फट पडली, फटीतून पलीकडचे आभाळ दिसले. बावीस वर्षे मी त्या सांध्याकडे वरून, जवळून, पाना लावून बघत होतो. भरलेल्या गाडीखाली उभा असताना तिकडे एकदाही बघितले नव्हते. मी ओरडलो, “दिसलं! सर्जेराव, दिसलं रं! फुडं घे!” गाडी पुढे सरकली आणि फट मिटली. चुन्याची तेवढी रेघ उरली.

पुढे शहरातून जाणकार आले. एक म्हणाला, काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, खांब खचला. दुसरा म्हणाला, खांब ठीक आहे, माथ्यावरची प्लेट झिजली. तिसऱ्याने मला बाजूला घेऊन विचारले, “जोडताना काही बोल्ट राहिले होते का?” मी त्याला डबा दाखवला. तो बोल्ट हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, सांगता येत नाही. तिघांचे अहवाल तीन कारणे सांगतात. आण्णांनी कोणालाच खरे-खोटे न ठरवता गाडी कायमची उतरवली. आता डबे कँटीनशेजारी जमिनीवर ठेवलेले आहेत, लोक आत बसून भेळ खातात. पुसून घेतलेल्या पेट्यांतून पुन्हा मुंग्या येतात, पण आता त्यांनी काही थांबत नाही.

पण ते नंतरचे. त्या दिवशी गूळ उतरवल्यावर आम्ही तिघे ऑफिसात गेलो. आण्णांनी सर्जेरावाला परत ये म्हणून सांगितले. तो म्हणाला, “न्हाय, आण्णा. दुधाचं बरं हाय. दूध मधीच थांबून ‘का’ म्हणून इचारत न्हाय.” मी वही काढली आणि नवी ओळ लिहिली. ‘गाडी थांबवली. खांब एकोणीस.’ कारणाच्या रकान्यात थोडा वेळ पेन धरून बसलो आणि मग लिहिले, ‘फोरमन’. आण्णा बघत होते.

मग मी मागे जाऊन ते जुने पान काढले. पाच महिन्यांपूर्वीची ओळ, माझे नेटके अक्षर, ‘चालक’. त्यावर आडवी रेघ मारायला पेन टेकवले, तर सर्जेरावाने वहीवर हात ठेवला. त्याच्या बोटाला अजून चुना होता.

“ते खोडू नगासा, फोरमन.”

“आरं, का?”

“तीन टायमाला गाडी चालकानंच थांबवलीती,” तो म्हणाला. “तुमच्या समद्या वहीत तेवढंच खरं हाय.”

मी पेन खाली ठेवले. संध्याकाळचे दूध घ्यायची वेळ झाली होती म्हणून तो लगेच निघाला. वही आता माझ्या घरी आहे. त्या पानावर ‘चालक’ आहे आणि त्याच्या शेजारी चुन्याचे एक पुसट बोट उमटले आहे.